अध्यक्षाचं मत

९ फेब्रुवारी

आज मी अध्यक्ष झालो. निवडून वगैरे नाही, चिठ्ठीने.

आमच्या प्रभागात यंदा पहिल्यांदाच युवा सभा बसवली आहे. अठरा ते पंचवीस वयाची नऊ मुलं-मुली. अर्ज केलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून नऊ जण काढले, आणि नऊ जणांतून परत एक चिठ्ठी काढली, ती माझी निघाली. क्षेत्रीय कार्यालयातल्या अधिकारी बाई म्हणाल्या, "अभिनंदन, केदार. ती खुर्ची जरा हलते, जपून बसा."

पहिलंच काम मोठं आहे. बिबवेवाडीत टेकडीच्या पायथ्याशी महापालिकेची मोकळी जागा आहे. वर्षानुवर्षं तिथे टेम्पो लागतात. तिचं काय करायचं ते युवा सभेने ठरवायचं आणि आमचा ठराव प्रभाग समितीपुढे जायचा. नगरसेवक सर्जेराव स्वतः आले होते. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. "पोरं जे ठरवतील त्यात मी काना-मात्रा बदलणार नाही," म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, मग लक्षात आलं की अध्यक्षाने एवढ्या जोरात वाजवायच्या नसतात.

जावेदचंही नाव निघालंय, हे सगळ्यात भारी. पाचवीपासून आम्ही एका बाकावर. शिवाय वल्लरी नावाची एक मुलगी आहे, लॉ करते. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "विरोधात मत देणाऱ्याचं नाव इतिवृत्तात लिहिणार का?" बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही पुढे जाल." कौतुक होतं की तक्रार, कळलं नाही.

आईला सांगितलं. "दळण आणायचं तुझ्या लक्षात राहत नाही, आणि प्रभाग चालवणार," म्हणाली. पण बाबांना नाशिकला फोन करून तिने दोनदा सांगितलं.

१५ फेब्रुवारी

सर्व्हे सुरू. मी, जावेद, वल्लरी दिवसभर फिरलो. मुलींना मैदान हवंय, दिवे असलेलं. आजोबांना बाकडी हवीत. एका काकांना काहीच नकोय. "आहे ते बिघडवू नका म्हणजे झालं," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

शेवटी टेम्पोवाल्यांकडे गेलो. तिथला कारभार बद्रीनाथ नावाचा माणूस बघतो. पन्नाशीचा, जाडजूड, हसताना डोळे मिटतात. मूळचा खेड-शिवापूरकडचा. त्याने चहा मागवला.

"मैदान करा की," म्हणाला. "पोरींना खेळायला जागा पायजेच हाय. पर आमच्या गाड्या कुठं लावू, ते बी तुमीच सांगा. ही माझी ड्रायवर पोरं तुमच्याच वयाची हायती. त्यास्नी कुनी इचारलं न्हाई."

साई नावाचा एक ड्रायव्हर टपावर बसला होता. माझ्याएवढाच. म्हणाला, "आमची चिठ्ठी कुठं टाकायची होती, अध्यक्ष?"

मी सांगितलं की अर्ज ऑनलाइन होते, सगळ्यांना खुले होते. तो नुसता हसला. मला ते हसणं आवडलं नाही. जावेदने मात्र त्याचं म्हणणं लिहून घेतलं, आणि येताना रस्त्यात ते पुन्हा पुन्हा वाचत होता.

२२ फेब्रुवारी

ठराव झाला! एकमताने! मैदान होणार. जावेदने शेवटी एक वाक्य घालायला लावलं: टेम्पोंना पर्यायी जागा दिल्यानंतरच काम सुरू करावं. कोणाचीच हरकत नव्हती.

संध्याकाळी भाऊंच्या ऑफिसात पेढे. त्यांनी ठराव मोठ्याने वाचला. जावेदच्या वाक्यापाशी थांबले. "हे कोणी घातलं?" मी सांगितलं. "हुशार आहे," म्हणाले, आणि कागद घडी करून खिशात टाकला.

तिथे राजसची ओळख झाली. भाऊंच्या मंडळाचं सगळं तोच बघतो, जिम चालवतो. दंड माझ्या मांडीएवढे आहेत पण बोलतो एकदम मऊ.

१ मार्च

ओठाला चार टाके. बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

भाऊंनी जागेवर 'नियोजित क्रीडांगण' असा फलक लावायचं ठरवलं. पर्यायी जागेचं काय, असं वल्लरीने विचारलं, तर "फलकाने काय कोणाचे टायर पंक्चर होतात का?" म्हणाले. आम्ही नऊही जण गेलो. राजस आणि मंडळाची मुलं आमच्या मागे रस्त्यापलीकडे गाड्या लावून उभी होती. फलक रोवायला लागलो तसे ड्रायव्हर गोळा झाले. बाचाबाची झाली. बद्रीनाथ हात जोडून सगळ्यांना मागे सारत होता. तेवढ्यात एक दगड आला आणि एका म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या कपाळावर बसला. रक्त भळाभळा वाहायला लागलं आणि मग कोणी कोणाचं ऐकेना.

मला तोंडावर बुक्की बसली. खाली पडलो. कोणाचा तरी पाय माझ्या हातावर होता आणि तो उचलतच नव्हता. मी ओरडलो, ते लहान मुलासारखं. जावेदने मला काखेत हात घालून ओढून काढलं.

तो पहिला दगड कुठून आला कळलं नाही. मागून आल्यासारखा वाटला. पण मागे तर आपलीच मुलं होती.

२ मार्च

भाऊ घरी आले. आईची धांदल. राजसने जिना चढून औषधं आणून दिली, आईला 'काकू' म्हणाला, पायातले बूट बाहेर काढून आला. आई खूश.

भाऊ माझ्या पलंगावर बसले. "अध्यक्ष, सभेत ठराव करणं सोपं असतं. तो रस्त्यावर टिकवावा लागतो. तू ओरडलास म्हणे काल."

मला मान वर करता येईना.

"परत ओरडायची वेळ येऊ नये, एवढंच बघू आपण," म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाबांनी असा हात ठेवून किती दिवस झाले.

९ मार्च

हे लिहू की नको.

सकाळी राजसचा फोन. टेम्पोवाल्यांना समजवायला जायचंय, तू चल, तुझा हक्क आहे. सात-आठ जण होते. समजवायला जाताना हॉकी स्टिक कशाला, असं माझ्या मनात आलं होतं. विचारलं नाही.

कोणीच काही समजवलं नाही. गेल्या गेल्या पहिल्या टेम्पोची काच फुटली. दोन पोरांकडे कोयते होते, ते टायर आणि ताडपत्र्या फाडत सुटले. राजसने माझ्या हातात स्टिक दिली. मी एका हेडलाइटवर मारली. फुटली नाही. परत मारली. फुटली. मग आरसा, मग दुसरी काच. खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. एक तारखेपासून छातीत जे अडकलं होतं ते सुटल्यासारखं.

साई माझ्या आणि गाडीच्या मध्ये आला. "लोनची गाडी आहे रे, लोनची आहे," असं ओरडत त्याने हात पसरले. मी मारत होतो काचेवर. त्याने हात मध्ये घातला. माझी चूक नाही त्यात. हाड मोडल्याचा आवाज इतका बारीक असतो हे मला माहीत नव्हतं.

घरी आलो तर आईने शिकरण केली होती. दोन वाट्या खाल्ली.

१२ मार्च

सभा. वल्लरीने निषेधाचा ठराव आणला: नऊ तारखेच्या तोडफोडीचा युवा सभा निषेध करते. मी म्हणालो, विषयपत्रिकेत नाही, घेता येणार नाही. ती म्हणाली, "अध्यक्षांच्या परवानगीने घेता येतो. नियम अकरा." मी म्हणालो, परवानगी नाही.

बाहेर जावेदने मला जिन्यात गाठलं.

"तू होतास तिथे?"

"होतो. त्यांनी आपल्याला मारलं तेव्हा तू पण होतास."

"साईचा हात दोन ठिकाणी मोडलाय. महिनाभर गाडी नाही चालवता येणार."

"मग मी काय करू? फळं घेऊन जाऊ?"

"फळं नको नेऊस," म्हणाला. "तुला बघून तो घाबरेल."

मला कोणी घाबरतं हे ऐकून आधी लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी दुसरंच काहीतरी वाटलं.

१८ मार्च

भाऊंनी नवा ठराव पाठवलाय. साध्या मैदानाऐवजी क्रीडा संकुल. बंदिस्त हॉल, जिम, खाली पार्किंग, आणि चालवायला भाऊंचं प्रतिष्ठान. पर्यायी जागेचं वाक्य गेलं. मला तर हे जास्त चांगलं वाटतं, नुसत्या मातीच्या मैदानापेक्षा. जावेद म्हणाला, "केदार, सर्व्हेत एका तरी मुलीने हॉल मागितला होता का? तिथे आत जायला पावती फाडावी लागेल."

मोजून पाहिलं तर ठराव पडतोय. वल्लरी, जावेद, आणि जावेदच्या शब्दाबाहेर न जाणारे तिघं. मी भाऊंना सांगितलं. मत पुढच्या सभेपर्यंत पुढे ढकललं.

भाऊ चिडले नाहीत. "तुझा मित्र चांगला आहे रे. पण त्यांच्या पोरांच्या डोक्यात कोण काय भरतं, आपल्याला कळत नाही," म्हणाले. त्यांच्या म्हणजे कोणाच्या ते मला कळलं. आवडलं नाही. चहा प्यायलो.

राजस खाली सोडायला आला. "मी बोलू का जावेदशी? एकटा भेटला तर बरं. सगळ्यांसमोर माणूस ताठ राहतो." ते पटलं मला. मी सांगितलं की तो संध्याकाळी अभ्यासिकेत असतो, आणि पुढे गाड्यांची गर्दी असते म्हणून मागच्या दाराने निघतो.

२२ मार्च

जावेदला मारलं. कोयत्याने. अभ्यासिकेच्या मागच्या बोळात, संध्याकाळी.

डोक्यात वार, जबडा फुटलाय, डावा पाय. जिवंत आहे. मी आता दवाखान्यातूनच आलो. माझ्या शर्टाला त्याचं रक्त नाही, तिथल्या खुर्चीला कोणाचं तरी होतं ते लागलं.

२३ मार्च

शुद्धीवर आलाय पण बोलू शकत नाही, जबडा तारेने बांधलाय.

त्याचे आजोबा दादामियाँ कसबा पेठेतून आलेत. घड्याळं दुरुस्त करायचं त्यांचं दुकान आहे. मला लहानपणापासून ओळखतात. बाकावर जागा करून दिली आणि म्हणाले, "बसा, अध्यक्ष. तुमचे सदस्य आत पडलेत." मग माझा हात धरून बराच वेळ बसले. मी रक्त दिलं. माझं आणि त्याचं जुळतं, हे आम्हाला शाळेच्या शिबिरापासून माहीत आहे.

एक गोष्ट कळली. त्याला दवाखान्यात आणलं कोणी, तर बद्रीनाथने. स्वतःच्या टेम्पोत घालून. भाऊंना फोन करून हे सांगितलं, तर ते क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, "बघ की. मारायचं पण यांनीच, आणि उचलून आणायचं पण यांनीच. म्हणजे संशय नको." खरंच, किती साळसूदपणा! नाहीतर इतक्या पटकन तो तिथे पोचला कसा?

राजसला विचारलं, तू बोलणार होतास ना त्याच्याशी? म्हणाला, "जमलंच नाही रे. राहून गेलं. मी बोललो असतो तर थांबला असता तो तिथे, वाचला असता." त्याचे डोळे पाणावले होते.

२४ मार्च

सकाळी उजाडता उजाडता गेलो. बारा-पंधरा जण. कोयता मीच मागितला. राजस म्हणाला, "तुला नको, तू अध्यक्ष आहेस," आणि लोखंडी गज दिला.

बद्रीनाथ एकटाच होता. टेम्पोचा मागचा फाळका पाडून हौदा धुवत होता. बादली, खराटा. फाळक्यावरून लालसर पाणी खाली मातीत ठिबकत होतं. माझं डोकं फिरलं. जावेदचं रक्त धुवून टाकत होता तो, पुरावा धुवत होता.

त्याने वळून आम्हाला पाहिलं. बाकीच्यांकडे नाही, माझ्याकडेच पाहिलं. खराटा हातातच होता.

"पोरगं कसं हाय?" म्हणाला.

मी मारलं. खांद्यावर. हाताला माणूस लागला हे कळलं, काचेसारखं नव्हतं ते. तो फाळक्याला धरून खाली बसला. आश्चर्य वाटल्यासारखा. मग बाकीचे पुढे आले. मी मागे झालो. कोयता मारतात तेव्हा लाकूड फोडल्यासारखा आवाज येईल असं वाटलं होतं. तसा येत नाही, ओला येतो. तो एकदाच ओरडला, कोणाचं तरी नाव घेऊन, बाईचं. बादली कलंडून पाणी माझ्या बुटांपर्यंत आलं.

राजसने मला गाडीवर बसवलं. म्हणाला, "झालं. फिटलं."

मी एकदाच मारलं. खांद्यावर.

२६ मार्च

बद्रीनाथ गेला.

पोलिसांनी साईला उचललंय. गाडीवरून बद्रीनाथशी भांडण होतं म्हणे. भाऊंचा फोन आला: "तुझं नाव कुठेही नाही. मी बसलोय ना. तू फक्त पुढची सभा नीट पार पाड."

साईचा हात तर प्लास्टरमध्ये आहे. त्याने कसं मारलं असेल? पोलिसांना दिसलं असेलच ना हे?

२९ मार्च

जावेदच्या जबड्याची तार सैल केलीय. दातातल्या दातात बोलतो. दादामियाँ चहाला खाली गेले तेव्हा मी म्हणालो, "ज्याने तुला मारलं त्याला सोडलं नाही आम्ही."

"कोणाला?"

"बद्रीनाथला."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे गेलं.

"त्याने मला उचललं, केदार. मी बोळात पडलो होतो, लोक वरून बघत होते. तो आला. गाडी साई चालवत होता, एका हाताने. बद्रीमामा मागे हौद्यात माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. सारखं म्हणत होता, झोपू नको रं, झोपू नको."

"मग मारलं कोणी?"

"राजसने. तोंड बांधलं होतं, पण तो दंड ओळखू येत नाही का?"

मी उठलो. खिडकीपाशी गेलो. परत आलो.

"एक सांग," जावेद म्हणाला. "मी मागच्या दाराने निघतो हे फक्त तुला माहीत होतं."

त्याने प्रश्न विचारला नव्हता. दादामियाँ माझ्यासाठीपण चहा घेऊन आले होते. तो तिथेच ठेवून निघालो.

३० मार्च

दिवसभर पांघरूण घेऊन पडलो होतो. आईला ताप आहे असं सांगितलं. राजसने दारात मोसंब्यांची पिशवी ठेवली, काकूंसाठी निरोप: अध्यक्षांना जपा, परवा सभा आहे.

तेवीस तारखेला काय काय झालं ते पुन्हा पुन्हा आठवतंय. भाऊ फोनवर गप्प झाले होते ते टेम्पोचं ऐकून. त्यांना ते माहीत नव्हतं. बाकीचं सगळं माहीत असणार.

पोलिसांत जायला हवं. उद्या जाईन.

३१ मार्च

गेलो नाही. चौकीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि उसाचा रस पिऊन परत आलो.

१ एप्रिल

मी पोलीस ठाण्यात बसलोय. साहेब यायचेत. एका हवालदारांनी कोरे कागद दिले. "जे झालं ते लिहून ठेव, नाहीतर साहेबांपुढे त-त-प-प करशील," म्हणाले. तेच लिहितोय, पण सवयीने रोजच्यासारखंच लिहिलं जातंय.

सकाळी सभा झाली. भाऊ मागच्या रांगेत, पाहुणे म्हणून. राजस दाराशी. ठराव वाचला. आता तो पास होणार हे सगळ्यांना माहीत होतं. जावेदच्या मागचे ते तिघं एकमेकांकडेही बघत नव्हते. अधिकारी बाई "मतदान घेऊ या" म्हणाल्या तेवढ्यात जिन्यावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. जावेद. दादामियाँनी एका बाजूने धरलेला, दुसऱ्या बाजूला वॉकर. दोन मजले चढून आला होता. डोक्याला पट्टी, चेहरा सुजून पिवळा. राजसच्या अंगावरून आत आला. राजसला बाजूला सरकावं लागलं.

"उशीर झाला, माफ करा," दादामियाँ बाईंना म्हणाले. "तुमची लिफ्ट उद्घाटनाची वाट बघतेय वाटतं."

कोणी हसलं नाही. बाजूने हात वर झाले, चार. विरोधात वल्लरीचा आणि जावेदचा. मग त्या तिघांतल्या एकाने जावेदकडे पाहिलं आणि हात वर केला. मग दुसऱ्याने. तिसरा आधीच बाजूने हात वर करून बसला होता, त्याने मान खाली घातली. चार-चार.

"अध्यक्षांचं मत," बाई म्हणाल्या.

"विरोधात," मी म्हणालो. "आणि इतिवृत्तात नाव लिहा." मी बाईंकडे वळलो. "आणि अजून एक लिहा. बद्रीनाथला साईने मारलेलं नाही. मी तिथे होतो. मी मारलं, राजसने मारलं, मंडळाच्या पोरांनी मारलं. जावेद कुठल्या दाराने निघतो ते राजसला मी सांगितलं."

बाईंचं पेन हवेत थांबलं होतं. वल्लरी म्हणाली, "मॅडम, लिहा." त्यांनी लिहिलं.

भाऊ उठले. चेहऱ्यावर हसू तसंच होतं. "पोराला ताप आहे तीन दिवस. घरी सोडा कोणीतरी," म्हणाले. वल्लरीने मला रिक्षात घातलं आणि स्वतःही बरोबर आली. तिने आईला फोन केला होता, पण सगळं सांगितलं नव्हतं.

घरी पोचलो तर पाठोपाठ खाली गाड्या आल्या. पाच-सहा. राजसने खालून हाक मारली, "काकू, केदारला जरा खाली पाठवता?" आई गॅसपाशी गेली. "तुझे मित्र आलेत, वर बोलाव, चहा टाकते," म्हणाली.

मी तिला सांगितलं. ओट्याला टेकून, सगळं. तिने गॅस बंद केला.

"किती वेळा मारलंस?"

"एकदा."

"मेला?"

"हो."

तिने पदर खोचला, पायात चप्पल घातली आणि माझं मनगट धरलं, शाळेत नेताना धरायची तसं, पण एवढं घट्ट कधीच धरलं नव्हतं. खाली राजस गाडी आडवी लावून उभा होता. हात जर्किनच्या आत होता. आसपासच्या खिडक्यांतून लोक बघत होते.

"काकू, आम्ही सोडतो त्याला. कुठे जायचंय?"

"पोलीस ठाण्यात," आई म्हणाली. "येतोस?"

तो हलला नाही. तीही हलली नाही. मग वरून कोणीतरी राजसचं नाव घेऊन ओरडलं, समोरच्या इमारतीतून आणखी एक जण ओरडला, आणि वल्लरी मोबाइल वर धरून सरळ त्याचा चेहरा टिपत उभी राहिली. राजसने गाडी मागे घेतली. जाताना मला हलक्या आवाजात म्हणाला, "जेलच्या आतली पोरं पण आपलीच आहेत." आईने मनगट सोडलं नाही. आता तिथे तिच्या बोटांचे वळ आहेत.

इथे येऊन तासभर झाला असेल. वल्लरी तिच्या कॉलेजातल्या वकील मॅडमना आणायला गेलीय. हवालदार म्हणाले की समोरच्या बाकावरच्या बाई रोज येतात. साईला सोडा, त्याने काही केलेलं नाही, असं सांगतात आणि बसून राहतात. कुसुमताई. बद्रीनाथची बायको.

आईला हे माहीत नव्हतं. ती जागा बघून त्यांच्याच शेजारी बसली. त्यांनी तिला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. ती प्यायली. मग त्यांनी विचारलं, "तुमचं कोण हाय आत?"

"मुलगा," आई म्हणाली, आणि माझ्याकडे बोट केलं.

"काय केलं त्यानं?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, उठून माझ्याकडे येईल. ती तिथेच बसली आणि तिने त्यांना सांगितलं. हळू आवाजात. मला फक्त ओठ हलताना दिसले.

कुसुमताई ओरडल्या नाहीत. उठून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मीही उभा राहिलो. मारतील असं वाटलं, मारावं असंही वाटलं.

"त्येंनी तुझं काय वाईट केलं हुतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

त्या तशाच उभ्या होत्या. पुढचं उत्तर यायची वाट बघत असाव्यात. मी खाली बसून परत लिहायला घेतलं. आई त्यांच्या मागे येऊन उभी राहिली होती. साहेबांची गाडी आत्ता आवारात आलीय, तरी त्या दोघी अजून तशाच उभ्या आहेत.